महनूर थांबली तेव्हा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. दोन्ही टोकांना निमुळता, पोटाशी फुगलेला, रंग उडालेला आणि एका शिवणीवर काळ्या दोऱ्याचे टाके मिरवणारा मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे. माझा मुक्काम बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूर गावी, गौसियाभाभींच्या घरात असतो. असल्या चेंडूने आयुष्यात काय मोठं पाहिलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण एका दुपारी मी जे पाहिलं, ते आठवलं की अजूनही माझ्या पोटातली हवा गारठते.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. चार पाकळ्या कापून, त्या हाताने शिवून, आत रबरी ब्लॅडर बसवून कारागिरांनी मला आकार दिला. मग व्हॉलीबॉलच्या पोत्यात कोंबून मला अमडापूरच्या शाळेत पाठवण्यात आलं. पोत्यातून मी बाहेर पडलो तेव्हा मैदानावर एकच हशा पिकला.

"सर, हे काय आनलं बापा? पपई?"

खेळाचे शिक्षक उत्तमराव सर मात्र हसले नाहीत. बुलडाण्याच्या शिबिरात ते हा खेळ नुकताच शिकून आले होते. "पपई नाई, रग्बीचा चेंडू आहे," ते म्हणाले. "हातात घेऊन पुढे पळायचं. दुसऱ्याले द्यायचा तर मागे द्यायचा. समोरच्या टोकाची रेष ओलांडून जमिनीवर टेकवला की पाच गुण. आन् पळणाऱ्याले कबड्डीसारखं पकडून खाली पाडायचं, त्याले टॅकल म्हनतात."

मुलांनी मला दोन दिवसांत टाकून दिलं. त्यांना क्रिकेट प्रिय होतं. मला उचललं ते दोन मुलींनी. एक प्रतीक्षा, भाजीचा मळा करणाऱ्या आणि आठवडी बाजारात दुकान लावणाऱ्या कौशल्याबाईंची लेक. दुसरी महनूर. तिचे वडील नौशादभाई शेतकऱ्यांच्या बोअरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देत, आणि आई गौसियाभाभी घरी ब्लाउज शिवत. दोघी एकाच बाकावर बसायच्या आणि एकाच डब्यातून खायच्या. एकीच्या हातातून सुटलो की मी दुसरीच्या हातात असायचो.

पुढची काही वर्षं माझ्या भाग्याची होती. तालुका झाला, जिल्हा झाला, विभाग झाला. माझी शिवण उसवली तेव्हा उत्तमराव सर मला घेऊन गौसियाभाभींकडे गेले. भाभींनी मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले आणि मला उलटसुलट करून पाहत म्हणाल्या, "अजून लई वर्सं चालते हा." ज्या दिवशी शाळेचा संघ राज्यस्तरावर निवडला गेला, त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मला टेबलावर ठेवून हार घातला होता.

मग नवे, कोरे चेंडू आले. मी क्रीडाखोलीत फुटक्या कॅरम बोर्डाखाली जाऊन पडलो. किती काळ पडून होतो, मला माहीत नाही. अंधारात दिवस कळत नाहीत. उत्तमराव सर निवृत्त झाले, तेव्हा जाता जाता त्यांनी मला शोधून काढलं आणि महनूरच्या हातात दिलं. तेव्हापासून मी भाभींच्या कपाटावर असतो. भाभी कधी माझ्याभोवती मापाची टेप गुंडाळून ठेवतात. घर सुनं वाटलं की खाली काढून पुसतात.

घर सुनं होतंच, कारण महनूर नागपूरला गेली होती. देशात मुलींची व्यावसायिक रग्बी लीग सुरू झाली होती. महनूर 'नागपूर वाघिणी' संघात निवडली गेली आणि प्रतीक्षा 'पुणे घारी' संघात. हे दोन संघ म्हणजे उंदरा-मांजराचं वैर. आधीच्या मोसमात पुण्याने नागपूरला उपांत्य सामन्यात हरवलं होतं, आणि या वेळी दोघे थेट अंतिम सामन्यात, तेही पुण्याच्याच मैदानावर, समोरासमोर आले.

अमडापुरात त्या दिवशी लग्नघरासारखी गडबड होती. मोतीराम नावाच्या गृहस्थांचं गावात मंगल कार्यालय आहे. त्यांनी तिथे मोठा पडदा लावला, सतरंज्या अंथरल्या. गाव विदर्भातलं, त्यामुळे बहुतेक सगळे नागपूरच्या बाजूचे. पण पोरगी आपलीच म्हणून पुण्याच्या नावानेही शिट्ट्या वाजत होत्या. उत्तमराव सरांनी सांगितल्यावरून भाभींनी मलाही सोबत आणलं होतं. मी त्यांच्या मांडीवर होतो. शेजारी कौशल्याबाई बसल्या होत्या.

"भाभी, कोनीबी जिंको," कौशल्याबाई म्हणाल्या, "कप तं अमडापुरातच येते."

"हाव ताई," भाभी हसल्या. पण त्यांचे तळवे घामेजले होते. ते मला कळत होतं.

सामना सुरू झाला. पडद्यावरच्या चेंडूचा मला थोडा हेवा वाटला, हे खरं. पहिला अर्धा भाग संपत आला असताना महनूर चेंडू घेऊन सुसाट निघाली. समोरून प्रतीक्षा आली, वाकली आणि तिच्या पायांवर झेपावली. दोघी धाडकन पडल्या. महनूर उठली. प्रतीक्षा उठली नाही.

कार्यालयातला आवाज कुणीतरी कापून टाकावा तसा थांबला. कौशल्याबाई अर्ध्या उठल्या. डॉक्टर धावत आले, प्रतीक्षाला बाहेर घेऊन गेले. काही वेळाने ती पुन्हा मैदानात उतरली, तिने हात वर केला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"डॉक्टरनं तपासलं, सवाल विचारले, ते पास झाली," उत्तमराव सर वळून म्हणाले. "आता भेवाचं काई काम नाई."

कौशल्याबाई खाली बसल्या. भाभींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसरा भाग अटीतटीचा झाला. नागपूर दोन गुणांनी मागे होतं. शेवटचं मिनिटही सरलं होतं. आता चेंडू मैदानाबाहेर गेला की सामना तिथेच संपणार होता. तेवढ्यात पुण्याच्या मुलीच्या हातून चेंडू निसटला, आणि तो कुणी उचलला असेल? महनूरने! एकीला चकवलं, दुसरीच्या हातून निसटली, आणि पुढे सगळं मैदान मोकळं. रेषेच्या आणि तिच्या मध्ये फक्त एक मुलगी उभी होती. प्रतीक्षा.

सगळं कार्यालय उभं राहिलं. "पय बे, पय! महनूर, पय!" मोतीराम खुर्चीवर चढले होते. भाभींनी मला छातीशी इतकं घट्ट धरलं की माझे जुने टाके कुरकुरले.

आणि प्रतीक्षाने एक विचित्र गोष्ट केली. ती टॅकलसाठी वाकली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे, जणू महनूरकडून पास मागत होती.

काही लोक हसले. "हे काय करून राह्यली?"

महनूर थांबली.

मित्रांनो, मी चेंडूंच्या जातीत जन्मलो. धावणारा माणूस रेषेपासून दहा पावलांवर थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. महनूरने हातातला चेंडू बाजूच्या रेषेबाहेर फेकून दिला. मग पुढे जाऊन तिने प्रतीक्षाला दोन्ही खांद्यांना धरलं आणि रेफरीकडे पाहून ओरडू लागली. शिट्टी वाजली. सामना संपला होता. पुणे जिंकलं होतं.

पडद्यावर पुण्याच्या मुली उड्या मारू लागल्या, आणि कॅमेरा त्यांच्यामागे धावला. कोपऱ्यात प्रतीक्षा खाली बसलेली आणि महनूर तिच्यापाशी गुडघे टेकलेली क्षणभर दिसली. मग त्याही दिसेनाशा झाल्या.

अमडापूरच्या त्या कार्यालयात कुणाला काही समजेना.  मग मोतीराम खुर्चीवरून उतरले आणि म्हणाले, "सोडली! पोट्टीनं मॅच सोडली!"

"मैत्रिनीसाठी सोडली."

"कायची मैत्रीन? सौदा झाला असन."

हे शब्द भाभींच्या पाठीमागून आले. नौशादभाई ताडकन वळले, पण भाभींनी त्यांची बाही धरली. भाभींचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांची बोटं दिसत होती. ती माझ्या कातडीत रुतली होती.

भाभींना वाटलं, निदान कौशल्याबाई तरी काही बोलतील. कौशल्याबाई बोलल्याच. पण जे बोलल्या ते ऐकून माझ्यातली हवा सुटल्यासारखं झालं.

"काऊन असं केलं वं महनूरनं?" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माही पोरगी वर्सभर मरमर मेहनत करून राह्यली. आता सारे म्हनतीन, तिले जिंकू देल्लं. भीक घातली का भाभी, तुमी आमाले?"

"ताई, मले काईच माहीत नाई," भाभी कशाबशा म्हणाल्या. "देवाशपथ, मले काईच समजून नाई राह्यलं."

कौशल्याबाईंनी पदर सावरला आणि त्या सरकून दुसऱ्या सतरंजीवर जाऊन बसल्या. तिथून त्यांनी लेकीला फोन लावला. तो उचलला गेला नाही. "नाचत असन," त्या शेजारणीला म्हणाल्या. बक्षीस समारंभ सुरू होईपर्यंत पाऊण तास त्या लावत राहिल्या. पुन्हा नाही.

त्याच वेळी भाभींचा फोन वाजला. त्यावर महनूरचं नाव होतं. भाभींनी रागाने फोन कानाला लावला. महनूरचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. माय-लेकी घरी बोलतात त्याच भाषेत ती हुंदके देत म्हणत होती, "अम्मी, प्रतीक्षा बेहोश हुई. अस्पताल में लाए. सर के अंदर खून जमा है बोले. अभी के अभी ऑपरेशन. कौशल्या खाला को लेके आओ, अम्मी. जल्दी आओ."

भाभी उठल्या. चालत त्या दुसऱ्या सतरंजीपर्यंत गेल्या. कौशल्याबाईंनी मान वळवली होती. भाभी त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी एवढंच सांगितलं, "ताई, प्रतीक्षाच्या डोक्याले मार लागला. आपल्याले पुन्याले जा लागते."

कौशल्याबाई हसल्या. खरंच हसल्या, कारण ते वाक्य त्यांच्या आत शिरलंच नव्हतं. "अवो, नाई. आत्ताच तं तिले पाह्यलं," त्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. पडद्यावर पुण्याच्या मुली कप उंचावत होत्या. कौशल्याबाई एकेक चेहरा पाहत गेल्या. त्यात प्रतीक्षा नव्हती. मग त्यांचं बोट हवेतच राहिलं, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही.

मोतीरामांनी पडदा बंद केला.  थोड्या वेळापूर्वी सौदा म्हणणारा माणूस दाराशी जाऊन कौशल्याबाईंच्या चपला शोधत होता.

नौशादभाईंनी मित्राची जीप आणली. भाभी मला खाली ठेवायच्या विसरल्या होत्या. तसाच मी त्यांच्या कुशीत जीपमध्ये बसलो. रात्रभराच्या त्या वाटेत बराच वेळ कौशल्याबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी न बघता हात पुढे केला. तो आधी माझ्यावर पडला, मग चाचपडत भाभींच्या हातावर गेला, आणि पुणे येईपर्यंत तिथेच राहिला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात महनूर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर तीच मातीने भरलेली जर्सी होती. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, तरी तिला ते कळत नव्हतं. कौशल्याबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. महनूर घाईघाईने सांगू लागली, जणू तिला कुणी दरडावलं होतं.

"मावशी, तिचं डोकं माह्या गुडघ्याले लागलं. मीच पयत होती. लई जोरात लागलं, मावशी. मी विचारलं, तं म्हने, काई नाई झालं. डॉक्टरलेबी तेच सांगतलं. मंग हाफटाइमात उलटी केली, तेबी लपवली. तिच्या जोडीच्या पोरीनं मले आता सांगतलं." तिने बाहीने तोंड पुसलं. "शेवटी मी चेंडू घेऊन गेली तं तिनं हात पुढे केले. म्हने, 'दे वं, इकडे दे.' मावशी, तिले वाटलं मी तिच्याच टीममदी हाव. तिले वाटलं आपन शाळेत हाव. तिचे डोळे माह्याकडे पाहतच नव्हते."

 भाभींनी मला बाकावर ठेवलं आणि त्या लेकीच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

डॉक्टर अतिदक्षता विभागातून बाहेर आले ते बऱ्याच वेळाने. मध्यमवयीन, थकलेले, हातात चष्मा. त्यांनी सांगितलं की कवटीच्या आत रक्त साचत होतं. असा माणूस काही काळ अगदी बरा वाटतो, बोलतो, प्रश्नांची उत्तरंही बरोबर देतो, आणि मग एकदम कोसळतो. ऑपरेशन वेळेवर झालं होतं.

"त्या अवस्थेत तिला आणखी एक धक्का बसला असता," ते म्हणाले आणि थांबले. मग महनूरकडे पाहून त्यांनी वाक्य तसंच अर्धं सोडून दिलं.

कौशल्याबाईंना ते अर्धं वाक्य पुरलं. त्या महनूरजवळ खाली बसल्या.  त्यांनी महनूरचं मातीने माखलेलं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि कुरवाळत राहिल्या. शब्द एकच होता. "माय. माय. माय."

प्रतीक्षा वाचली. पण पुढचे दिवस सोपे नव्हते. शुद्धीवर आली तेव्हा तिला शब्द सापडत नसत. पाणी हवं असलं की 'दार' म्हणायची आणि स्वतःच रडायची. डावा हात नीट उचलत नव्हता. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रग्बी पुन्हा नाही. कधीच नाही.

महनूरचंही ठीक चाललं नव्हतं. खरं काय घडलं ते दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं आणि तिला शिव्या घालणारे लोक तिचे फोटो मिरवू लागले. पण नागपूर संघाने पुढच्या मोसमासाठी तिला अजून बोलावलेलं नाही. कारण कुणी सांगत नाही. मोतीराम एका संध्याकाळी शाल आणि नारळ घेऊन भाभींच्या घरी आले. मशीन थांबवून भाभी म्हणाल्या, "मोतीरामभाऊ, बसा, चहा घ्या. पन हे शाल परत न्या. त्या दिवशी माह्या पोरीले तुमी काय म्हनलं, ते तिनं आयकलं नाई. तिले ते समजू देऊ नका, एवढंच करा." मोतीराम चहा न पिताच मान खाली घालून गेले.

आता प्रतीक्षा अमडापुरात आहे. डाव्या हाताच्या व्यायामासाठी तिला काहीतरी दाबायला, धरायला हवं असतं, म्हणून महनूर मला घेऊन रोज तिच्या ओसरीवर जाते. प्रतीक्षा मला डाव्या हाताने उचलते. मी पडतो. पुन्हा उचलते. कौशल्याबाई शेजारी मेथी निवडत बसतात आणि पाहिलं न पाहिलंसं करतात.

परवा प्रतीक्षा मला मांडीवर घेऊन एकदम म्हणाली, "मले ते काईच आठवत नाई. पन एक सांग. तू मले चकवून गेली असती. रस्ता तं मोकळा होता. थांबली काऊन?"

 महनूरने उलट विचारलं, "मी पयाली असती, तं तू मले सोडलं असतं का?"

प्रतीक्षाने खूप विचार केला. आता तिला विचार करायला वेळ लागतो.

"नाई," ती म्हणाली. "टॅकल केलंच असतं."

"मंग? तुह्या डोक्याले अजून एक धक्का बसला असता," महनूर म्हणाली.

प्रतीक्षाला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. मेथी निवडणाऱ्या कौशल्याबाईंचे हात थांबले होते.

मित्रांनो, मी शेवटी एक चेंडूच आहे. मला काटा लागला, तर फुस्स आवाज येतो आणि सगळं मैदान थांबतं. कुणीतरी मला उचलतं, पंक्चर कुठे आहे ते शोधतं. पण तुमच्या डोक्याला मार लागला तर बाहेर काहीच ऐकू येत नाही. रक्त आत साचतं, आणि बाहेर तुम्ही हसून म्हणता, "काई नाई झालं." म्हणून तुम्हीच बोला. डोकं दुखतंय म्हणा, उलटी झाली म्हणा, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणा. संघ हरला तरी म्हणा. तुमच्या जोडीदाराने नाही म्हटलं तर त्याच्यासाठी तुम्ही म्हणा.

माझ्यासारखे चेंडू जालंधरला रोज ढिगाने शिवले जातात. प्रतीक्षा अमडापुरात एकच आहे.